ओलांडलेली काठी

मी गळाच्या काठ्या करते असं सांगितलं की नवा माणूस हमखास एकच प्रश्न विचारतो, "तुमच्याकडं पाणी कुठाय?" मी सांगते, पाणी असलं की विकते, पाणी नसलं की करते. माणूस हसतो. त्याला वाटतं बाई विनोद करतेय. पण धंदा खरोखर तसाच आहे. चांगली काठी घाईनं होत नाही, आणि आमच्या उदगीर-जळकोट भागात घाई न करण्याची सोय देवानं पहिल्यापासूनच करून ठेवलेली आहे.

दिवाळी अंकाच्या संपादकबाईंनी "तुमचा सगळा जीवनप्रवास लिहा" असं कळवलं. प्रवास म्हणाल तर मुदखेडहून लग्न होऊन मी इकडे आले, तेवढाच. रेल्वे सुटली आणि एसटी लागली. त्यात वाचण्यासारखं काही नाही. सांगण्यासारख्या आहेत त्या काठ्या, म्हणून त्यांचंच लिहिते. कुणाला राग आला तर येऊ द्या. या वयात माझं आता कोण काय करणार?

आम्ही बुरूड. सुपं, टोपल्या, दुरड्या विणायच्या, हा आमचा धंदा. गळाची काठी हे काही बुरडाचं काम नव्हे. माझ्या वडिलांनी, बापूंनी, ते हौसेनं अंगाला लावून घेतलं. वेळू आणायला ते किनवटला जायचे. टोपल्यांचा पोकळ वेळू निवडून झाला की ढिगाच्या मागच्या बाजूला जाऊन भरीव वेळू शोधत बसायचे. टोपलीवाल्याला भरीव वेळू नकोसा असतो, कारण त्याच्या कांबट्या नीट निघत नाहीत. गळाला मात्र तोच लागतो. बुंध्याला अंगठ्याएवढा आणि शेंड्याकडे करंगळीहून बारीक होत गेलेला, एकही पेर न किडलेला वेळू सापडला की बापू रेल्वेतून घरी येईपर्यंत तो हातातून सोडत नसत. डब्यातली माणसं शिव्या द्यायची, कारण काठी याच्या डोक्याला नाहीतर त्याच्या टोपीला लागायची.

पुढचं काम सोपं वाटतं आणि नसतं. आणलेला वेळू पाण्यात बुडवून ठेवायचा. त्याच्या अंगात गोडवा असतो आणि त्या गोडव्यावर भुंगा टपलेला असतो. पाण्यात राहिला की गोडवा निघून जातो आणि भुंगा तोंड लावत नाही. बापू तो गोदावरीच्या पाण्यात दगडाखाली दाबून ठेवायचे. मग सावलीत उभा करून वाळवायचा. मग घरात आढ्याला टांगायचा, म्हणजे चुलीचा धूर बसतो. असा रंग बदलून तांबूस झाला की खरं काम सुरू होतं, ते म्हणजे सरळ करण्याचं. वेळू कधी सरळ जन्माला येत नाही.

सरळ करायचा कसा ते नीट सांगते, कारण माझी सगळी गोष्ट तिथंच अडकलेली आहे. निखारे पसरायचे. वाकलेला भाग करडईच्या तेलाचा हात लावून निखाऱ्यांवर फिरवायचा. तेल चकाकायला लागलं की काठी उचलून जमिनीवर घ्यायची, दोन पायांच्या मधे. एका टाचेखाली बुंधा दाबायचा आणि खाच पाडलेल्या लाकडानं तो वाक ओढून धरायचा. एक पाय इकडं, एक पाय तिकडं. मग काठी फिरवायची आणि पुन्हा तेच, प्रत्येक पेराला. नंतर पेरं घासून गुळगुळीत करायची, शेंड्याला सुती दोरा गुंडाळून त्यावर लाख चढवायची. शेवटी दोरीला दगड बांधून काठी उचलायची आणि ती कुठून वाकते ते बघायचं. शेंड्यातून वाकली तर काठी चांगली, आणि मधूनच वाकली तर ती कपडे वाळत घालायला ठेवायची.

आता आमच्याकडच्या गळ टाकणाऱ्यांचा एक समज ऐका. बाईनं काठी ओलांडली की त्या काठीला मासा लागत नाही. हा नियम इतका कडक की गडी माणूस काठी घेऊन घरी आला की आधी ती उंच ठेवतो, मग पाणी मागतो. तेव्हा तुम्हीच सांगा, जी बाई काठी सरळ करते तिनं ती किती वेळा ओलांडलेली असेल?

बापूंना मुलगा नव्हता, कला मला दिली. देताना सांगितलं, "भागे, काम कर. पण बोलू नको. लोकं घेणार न्हाईत."

मी बोलले नाही. लग्न झालं, इकडं आले. काठ्या मी करायची आणि नवरा त्या बाजारात न्यायचा. माझ्या नवऱ्याचं नाव दगडू. स्वभावानं गरीब. लोक विचारायचे, "दगडू, काठी तुझ्या हातची?" तो फक्त हसायचा. हसण्याला कोण खोटं म्हणेल? काशीनाथअप्पांच्या किराणा दुकानाच्या ओट्यावर आमची जागा होती. अप्पा लिंगायत, गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, घरात कांदासुद्धा वार बघून चिरला जायचा. टोपल्यांना त्यांची ना नव्हती. काठ्यांना एकच अट होती, "दुकानाकडं तोंड करून ठेवू नको, दगडू. गिऱ्हाइकाला मासा आठवतंय."

काठ्यांची कीर्ती केली ती मस्तानचाचांनी. जुना टांगेवाला माणूस. टांगे संपल्यावर तलावाच्या काठी बसायला लागले ते तिथंच म्हातारे झाले. दोन हात लांब मरळ त्यांनी माझ्या काठीवर काढली होती आणि ती गोष्ट ते सांगतील तेवढ्या वेळा वाढत गेली. "दगडूच्या हातात जादू हाय," असं म्हणायचे. घरात ते ऐकून मी चुलीतला जाळ उगाच मोठा करायची.

तेव्हाचीच एक बाई आठवते. भर दुपारी घरी आली, दारातच उभी राहिली. म्हणाली, "भागाबाई, माझा मालक दिसभर तळ्यावर बसून राहिलाय. रान ओस पडलंय. त्याला अशी एक काठी द्या की मासाच लागू नये."

मी म्हटलं, "त्याची काठी तुम्हीच ओलांडा की. सोपं हाय."

"रोज ओलांडून राहिले," ती म्हणाली. "चार महिने झाले. तरी आणतोयच मुडदा!"

मी पोट धरून हसले. पण रात्री भाकरी थापताना तेच डोक्यात फिरत राहिलं. त्या बाईला जे ठाऊक होतं ते मलाही ठाऊक होतं, आणि आम्ही दोघी गप्प होतो. त्या दिवसापासून मला गप्प बसण्याचा कंटाळा यायला लागला.

मग ती वर्षं आली. लातूर नवा जिल्हा झाला होता. जीपगाड्या वाढल्या, पाट्या नव्या रंगल्या, बाजारात जो तो "आता आपला जिल्हा, आता आपलं काम" म्हणत फिरत होता. एक हौशी साहेब तर जीपमध्ये मावेल अशी दोन तुकड्यांची काठी करून घ्यायला आले. मी पितळी नळीचा सांधा करून दिली. साहेबांनी ती जोडली, सोडवली, पुन्हा जोडली, लहान पोरासारखे खूश झाले. पण ती पाण्यात पडायच्या आतच पाणी गेलं. जिल्हा आला आणि पाऊस आला नाही. तलाव आटला, त्याच्या तळाला भेगा पडल्या, त्यात गुरं अडकायला लागली. गावाला टँकर सुरू झाले.

त्याच सुमाराला बापू गेले. जाण्याआधीच्या हिवाळ्यात त्यांनी शेवटचे भरीव वेळू निवडून, गोदावरीत भिजवून, वाळवून माझ्याकडे पाठवले होते. त्या वेळूंच्या मी काठ्या केल्या आणि आढ्याला टांगून ठेवल्या. त्यांच्याकडे बघितलं की मला बापू डब्यात शिव्या खात उभे असलेले दिसायचे. दुष्काळात नवा वेळू भिजवायला पाणी नव्हतं. प्यायला नव्हतं तिथं वेळूला कुठलं? म्हणजे या होत्या तेवढ्याच. पुढं कधी होतील याचा नेम नव्हता.

एके दिवशी अप्पांनी दगडूला दुकानात आत बोलावलं. टँकरच्या ठेकेदाराची माणसं पाणीवाटपावर असायची. रांगेत रेटारेटी व्हायची, भांडणं व्हायची. त्या माणसांना हातात धरायला लाठ्या हव्या होत्या. त्या पुरवायचं अप्पांनी कबूल केलं होतं आणि लाठीला भरीव वेळूच लागतो. दगडूनं घरात पडलेले, गळाला न चालणारे उरलेसुरले भरीव वेळू तोडून, पेरं घासून लाठ्या करून दिल्या. त्या कमी पडल्या. मग अप्पा स्वतः घरी आले. दारातूनच त्यांनी आढ्याकडे बघितलं.

"भागाबाई, एवढ्या काठ्या वर टांगून काय करून राहिलात? एकीच्या दोन-दोन लाठ्या होतील. खालचा भाग लई मजबूत हाय."

"त्या गळाच्या काठ्या हायत, अप्पा."

"अगं बाई, तळ्यात चिखलसुदिक न्हाई. मासा कुठला?"

"मासा येईल. पाणी आलं की येतोय."

"आन तोवर?"

"तोवर टांगून ठेवीन."

अप्पा हसले. त्यांना वाईट माणूस म्हणता येणार नाही. अडल्या घराला ज्वारी देणारा माणूस होता. म्हणाले, "शिव शिव! मी जीव मारायच्या काठ्या ओट्यावर इतकी वर्सं ठेवू दिल्या. आता चांगल्या कामाला मागतोय तर न्हाई म्हणता?"

मी म्हटलं, "मासा मारायची काठी तुम्हाला चालत न्हाई, आन माणसावर उगारायची चालती व्हय?"

दगडूनं खाली मान घातली. अप्पांचं तोंड उतरलं. आमच्या सासूबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणायची, चुलीपाशी बसल्या होत्या. त्या कडाडल्या, "लई शहाणी! पाण्याचा पत्ता न्हाई आन ही काठ्या जपून राहिली!" अप्पा जाताना दगडूला एवढंच म्हणाले की उद्यापासून ओट्यावर पोती ठेवायची आहेत. आमची जागा गेली.

दुसऱ्या बाजाराच्या दिवशी मी आढ्यावरच्या सगळ्या काठ्या उतरवल्या, डोक्यावर घेतल्या आणि बाजारात गेले. घरात ठेवल्या असत्या तर माझ्या मागे त्या कुणीतरी तोडल्या असत्या, हे मला दिसत होतं. अप्पांच्या दुकानासमोर कडुलिंबाचं झाड आहे. त्याला काठ्या टेकवून उभ्या केल्या आणि खाली बसले. बुरडाघरची बाई टोपल्या घेऊन बसते ते सगळ्यांनी बघितलं होतं. भर दुष्काळात गळाच्या काठ्या घेऊन बसलेली बाई बघायला माणसं जमली. एकजण म्हणाला, "वहिनी, टँकरला गळ लावायचा काय?"

"लाव की," मी म्हटलं. "ठेकेदारच लागंल."

हशा झाला. हसणाऱ्यांत मस्तानचाचाही होते. ते पुढं आले, एक काठी हातात घेऊन झुलवली, शेंडा बघितला. म्हणाले, "दगडूनं लई सुंदर केल्या."

इथं मी हसून गप्प बसायचं होतं. इतकी वर्षं तेच चाललं होतं. पण ओटा गेला होता, बापू गेले होते, पाणीही गेलं होतं. आता गप्प बसून राखायचं तरी काय?

"दगडूनं न्हाई, चाचा. मी केल्यात. पहिल्यापासून मीच करून राहिले."

चाचांनी काठी सावकाश खाली ठेवली. "म्हणजे सरळ करताना..."

"दोन पायांत धरल्याबिगर सरळ व्हती व्हय?"

"मेरी भी?"

"तुमचीबी. मरळ काढली तीबी."

चाचांचा चेहरा मी विसरणार नाही. बायकोनं इतकी वर्षं काय जेवू घातलं ते कळल्यासारखा झाला होता. ते वळून चालते झाले. संध्याकाळी कळलं की त्यांनी घरी जाऊन माझी काठी चुलीत घातली. ते ऐकून मी रडले, हे लिहायला मला लाज वाटत नाही. धुरानं तांबूस झालेली, तेल प्यालेली काठी होती. तिनं चांगला जाळ दिला असणार.

म्हणजे झालं असं, की लाठ्यांसाठी काठ्या द्यायच्या नाहीत म्हणून मी उठले आणि गळासाठी घेणारेही घालवून बसले. दोन्हीकडून दारं बंद. तरी दर बाजारी मी काठ्या डोक्यावर घेऊन जायची, लिंबाला टेकवायची आणि संध्याकाळी तेवढ्याच परत आणायची. अप्पा समोरून बघायचे, मी त्यांच्याकडे बघायची. दोघंही मान फिरवत नव्हतो.

त्या उन्हाळ्यात आत्याबाई टँकरच्या रांगेत उभ्या होत्या. मागून लोंढा आला. ठेकेदाराच्या माणसानं लाठी फिरवली. मारायला नाही म्हणे, रांग मागं सारायला. आत्याबाईंच्या मनगटाला त्यातला फरक कळला नाही. आत्याबाईंनी दुसऱ्या हातानं ती लाठी पकडली आणि सोडेचनात. घरी आल्या तेव्हा हात सुजलेला, घागर रिकामी. दगडू हळद लावायला बसला.

आत्याबाई त्याला म्हणाल्या, "दगड्या, पेराला हात लागला आन कळलं. आपल्याच घरचं काम हाय. दुसऱ्या कुणाचं पेर इतकं गुळगुळीत नसतंय."

दगडूचा हात थांबला. त्यानं आईकडे बघितलं नाही, माझ्याकडेही बघितलं नाही. उठून बाहेर गेला. त्यानंतर त्यानं एकही लाठी केली नाही. मी त्याला त्यावरून कधी टोचून बोलले नाही, आणि त्याला बरं वाटेल असंही काही बोलले नाही. आता तो नाही. वाटतं, दुसरं तरी बोलायला हवं होतं.

पुढच्या बाजारी मी काठ्या उचलल्या तर आत्याबाई हाताला फडकं बांधून तयार. "चल," म्हणाल्या. लिंबाखाली माझ्या शेजारी बसल्या आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला हाक मारून सांगायला लागल्या, "ही माझी सून. काठ्या हिनंच केल्यात. मी डोळ्यानं बघितल्यात. घ्यायच्या तर घ्या, न्हाईतर तोंड बघून जा." त्यांचा हात नंतर विणकामाला बसला नाही. पण तोंड बसायचं नाव घेत नव्हतं.

तलाव भरला तो पुढच्या वर्षी. पाणी आलं तसे गळवाले बाहेर पडले. काठ्या मात्र कुणाकडे नव्हत्या. दुष्काळात कुणी खोपीला लावल्या होत्या, कुणी जाळल्या होत्या. बाहेरून कुणीतरी नव्या काठ्या आणून विकल्या, त्याही गड्याच्या हातच्या, अगदी सोवळ्यातल्या. मस्तानचाचांनीही एक घेतली. पण तो दुष्काळातला वेळू, पाणी न बघितलेला. त्याच्या अंगात भुंगा घर करून बसला होता. सगळ्या गळवाल्यांच्या देखत चाचांना मोठी मरळ लागली आणि काठी मधोमध मोडली. तुटलेल्या पेरातून पीठ सांडलं. मासा अर्धी काठी घेऊन गेला.

बाजाराच्या दिवशी चाचा आले. मागून पाच-पंचवीस गळवाले, थोडं अंतर राखून. अप्पा दुकानातून उठून पायरीवर उभे राहिले. चाचांनी माझी एक काठी निवडली. शेंडा बघितला, पेरं बघितली, झुलवून बघितली. मग ती माझ्यासमोर जमिनीवर आडवी ठेवली. मला वाटलं, आता हा माणूस चार लोकांत माझा अपमान करणार. मी उत्तर तयार ठेवलं.

"ओलांड," चाचा म्हणाले.

"काय?"

"सब के सामने ओलांड, बेटी. बिना ओलांडलेली काठी घेऊन बघितली मी. मोडते."

आत्याबाईंनी मला कोपरानं ढोसलं, "बघती काय? ऊठ!"

मी उठले. पदर खोचला आणि काठी ओलांडली. मग वळून परत ओलांडली, अप्पांकडं तोंड करून. चाचांनी काठी उचलून खांद्यावर घेतली आणि गर्दीला म्हणाले, "चलो, हटो."

ते दिवस जाऊन जमाना झाला. अप्पांनी नंतर निरोप पाठवला होता की ओट्यावरची पोती काढली आहेत. मी लिंबाखालून उठले नाही. अजून तिथंच बसते. बाजारात आता प्लास्टिकच्या चकचकीत काठ्या येतात, घडी घालून पिशवीत मावतात, आणि तरणी पोरं त्याच घेतात. घेऊ देत. काही गिऱ्हाइकं मात्र लांबून येतात, पार किनवटकडून येतात, आणि काठी निवडून झाली की माझ्यासमोर जमिनीवर आडवी ठेवतात. भागाबाईनं डोळ्यादेखत ओलांडलेली नसेल तर त्या काठीला मासा लागत नाही, असा आता आमच्या भागात समज आहे.

तेही तितकंच खोटं आहे. मासा भिजवलेल्या वेळूला आणि गप्प बसणाऱ्या माणसाला लागतो, बाईच्या पायाशी त्याचं काही देणंघेणं नाही. हे मी कुणालाही सांगू शकते. पण पहिलं खोटं मी इतकी वर्षं गप्प राहून सांभाळलं, तर हे दुसरंही थोडं सांभाळीन म्हणते. गुडघे दुखतात, हाताला धरून उठवावं लागतं. तरी उठते, पदर खोचते आणि ओलांडते.